काचघराच्या दारातलं दूध

थोरलीच्या काचघरात पाऊल टाकायचं तर आधी हात दुधात बुडवावे लागत. साय काढलेलं पातळ दूध, पांढऱ्या पसरट भांड्यात, बाहेरच्या आणि आतल्या दाराच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, स्टुलावर ठेवलेलं. बाहेरचं दार लावायचं, दुधात हात घालून बोटं चोळायची, मग आतलं दार उघडायचं. खताची पोती टाकायला आलेला असो की विजेचा मीटर बघायला आलेला, सुटका कुणाचीच नव्हती. मीटरवाल्याने एकदा विचारलंही, "बाई, आत देव बसवलाय का?"

"टोमॅटो आहेत," थोरली म्हणाली. "देव असता तर एवढं केलं नसतं."

तिचं अगदीच चुकत होतं असं नाही. तंबाखू आणि टोमॅटो एकाच कुळातले, आणि भाऊबंदकी जशी माणसांत तशी झाडांतही. तंबाखूच्या सुक्या पानात एक रोग वर्षानुवर्षं दडून राहतो. सिगरेट वळणाऱ्याच्या बोटांवरून तो टोमॅटोच्या पानावर उतरतो, मग पानं हिरवी-पिवळी ठिगळं लावल्यासारखी होतात, आखडतात, फळं आतून तपकिरी पडतात. औषध नाही. उपटायचं आणि जाळायचं. दुधाने मात्र तो हातावरच बांधला जातो, पुढे सरकत नाही. काचेखाली टोमॅटो पिकवणाऱ्यांना हे पाठ असतं. पण थोरलीच्या दारातलं दूध एका माणसापायी आलं होतं, आणि तो माणूस म्हणजे तिचे वडील.

बाबा धंद्याने काचवाले. लोकांच्या खिडक्यांना काचा बसवण्यात त्यांची हयात गेली. जुनी इमारत पाडली की निघालेल्या खिडक्या ते घरी आणून परसात रचून ठेवायचे, आणि आई होती तोवर त्यावरून रोज कुरकुर करायची. त्या भंगारातून एका हिवाळ्यात त्यांनी थोरलीला काचघर उभं करून दिलं. एका शाळेच्या खिडक्या, एका बंद पडलेल्या बेकरीच्या, एका दवाखान्याच्या. दवाखान्याच्या काचेवर 'शांतता राखा' ही अक्षरं तशीच राहिली होती. धाकटी, म्हणजे थोरलीची बहीण, म्हणायची, "ही सूचना खास ताईसाठी आहे आणि ताई सोडून सगळे ती पाळतात."

काचेखाली वारा नसतो. टोमॅटोच्या फुलाला मात्र कुणीतरी हलवावं लागतं, नाहीतर ते फळ न धरताच गळून जातं. हे काम बाबांनी आपणहून घेतलं. सकाळचा दमटपणा ओसरला की टोकाला फडकं गुंडाळलेली काठी घेऊन ते बारा ओळींतून फिरायचे, आणि ज्या तारेला झाडं सुतळीने टांगलेली असत ती तार हलकेच ठोकायचे. टक, टक, मग दोन पावलं, पुन्हा टक, टक. घाई कशी ती नाही. "कुणाच्या दारात गेलं तर आधी कडी वाजवावी," म्हणायचे. फेरी झाली की बाहेर येऊन कातडी पिशवीतली तंबाखू काढायचे, सिगरेट वळायचे आणि काचेतून आत बघत ती ओढायचे.

थोरलीचा हात छाटणीत. झाडाच्या बगलेत जे फुकटखाऊ फुटवे येतात ते अचूक वेळी काढले तरच फळ पोसतं, आणि त्यात तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. बाबांनी काचेभोवतीची लांबी, म्हणजे पुट्टी, खरवडायचा आपला जुना चाकू घासून, वाकवून तिला छाटणीसाठी करून दिला होता. तो तिच्या एप्रनच्या खिशात असायचा. दुसऱ्या काचघरवाल्यांची बोलावणी यायची, "जरा येऊन आमच्या माणसांना दाखवा," आणि ती जायची, चार ओळी झरझर छाटून दाखवायची, शाबासकी घ्यायची आणि चाकू खिशात टाकून परत यायची. कौतुक कुणाला नको असतं.

आठ वर्षांपूर्वी तिच्या काचघरात रोग आला. दाराजवळच्या पहिल्या ओळीत आधी तीन झाडं, मग पूर्ण ओळ, मग दुसरी, तिसरी. थोरलीने पुस्तक उघडलं, चित्र पाहिलं, पान शेजारी धरलं. त्याच वेळी बाबा काठी घेऊन दारात उभे राहिले.

"बोटं दाखवा," ती म्हणाली.

बाबांनी दाखवली. चाळीस वर्षं सिगरेट धरलेली दोन बोटं हळदीसारखी पिवळी होती.

"बघा. मी इथं जीव टाकतेय आणि तुम्ही रोज बारा ओळींतून रोग वाटत फिरताय."

बाबांनी बोटं उजेडात धरून पाहिली. मग म्हणाले, "असेल. पण एक पान तपासायला पाठवू या का? शहरात प्रयोगशाळा आहे म्हणतात."

"हातच्या काकणाला आरसा कशाला, बाबा? दिसतंय की समोर."

"तरी पण खात्री केलेली बरी."

"माझी खात्री झाली आहे. आजपासून तुम्ही आत यायचं नाही."

बाबा वाद घालणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी काठी दाराच्या आतल्या बाजूला टेकवून ठेवली आणि ते निघून गेले. माणसं रागात बोलतात आणि राग उतरला की शब्द मागे घेतात, अशी जगाची रीत आहे. थोरली रागात बोललेलं मागे घ्यायची नाहीच, पण थंड डोक्याने बोललेलंही मागे घ्यायची नाही. दुसऱ्या दिवशी दुधाचं भांडं आलं. दोन आठवड्यांत सगळं पीक उपटून जाळलं, काचा धुतल्या, नव्याने रोपं लावली. बाबांनी दवाखान्याच्या खिडकीबाहेर एक लोखंडी बाक आणून ठेवलं आणि ती त्यांची जागा झाली.

बाकावर बसून बाबांनी स्वतःला दोन कामं लावून घेतली. पहिलं, दूध. रोज सकाळी ते भांडं विसळून, ताजं दूध ओतून, बाहेरच्या दारातून हात लांब करून स्टुलावर ठेवायचे. आत पाऊल नाही. दुसरं, चाकू. संध्याकाळी ती बाहेर आली की हात पुढे करायचे, "आण तो. धार लावून ठेवतो." चाकू घेऊन स्वयंपाकघरात जायचे, दार लोटून घ्यायचे, आणि सकाळी लखलखीत चाकू तिच्या एप्रनशेजारी ठेवलेला असायचा. "बसून खातो, तेवढं तरी करू दे," म्हणायचे. थोरलीला ते बरं वाटायचं. म्हाताऱ्या माणसाला काहीतरी उद्योग हवाच.

कातडी पिशवी मात्र त्यांच्या खिशात फुगलेलीच असायची. ती दिसली की थोरली नाक मुरडायची. "अजून सुटत नाही ना? इथवर वास येतो." बाबा पिशवीवर हात ठेवायचे. वास कधीकधी नाकाला न येता मनाला येतो, पण ते तिला कोण सांगणार.

फुलं हलवायला तिने विजेवरचा दात घासायचा ब्रश आणला. घोसाच्या देठाला टेकवला की तो भुणभुणायचा आणि फुलं थरथरायची. धाकटी सुटीला आली तेव्हा काचेबाहेर बाबांशेजारी उभी राहून पोट धरून हसली. "बाबा, ताई टोमॅटोचे दात घासतेय." बाबाही हसले. मग त्यांचं हसणं मध्येच थांबलं आणि ते उठून घरात गेले.

आणि पीक तर असं यायला लागलं की बघत राहावं. एक वर्ष, दुसरं, तिसरं. एका पानावर ठिपका नाही. एकदा जेवताना थोरली म्हणाली, "बघा, तुम्ही बाहेर आणि रोगही बाहेर."

"खरंय," बाबा म्हणाले, आणि त्यांनी भात पुढे ओढला.

त्याच वर्षी त्यांनी एकदा विचारलं होतं. काकुळतीने नाही, पाऊस येईल का असं विचारावं तसं. "एकदा आत येऊन जाऊ का गं? काठी नको. हात खिशात घालून नुसता एक फेरा मारतो."

"पुढच्या वर्षी बघू," थोरली म्हणाली.

ते पुढचं वर्ष यायचं राहिलंच. बाबांनी पुन्हा विचारलं नाही आणि थोरलीलाही आठवलं नाही, म्हणजे आठवलं, पण चाललेलं बरं चाललंय ते कशाला मोडा, असं तिला वाटलं. घरच्या माणसाला ताटकळत ठेवणं फार सोपं असतं, कारण तो कुठं जात नाही.

गेल्या हिवाळ्यात बाबांची नजर अधू झाली. एका संध्याकाळी धार लावताना त्यांनी अंगठा कापून घेतला, खोल. थोरलीने पट्टी बांधता बांधता चाकू उचलून फडताळावर ठेवून दिला. "आता पुरे. यापुढे चाकूचं मी बघते." आठवडाभरात धाकटी गाडी घेऊन आली. तिच्या घराजवळ डोळ्यांचे चांगले डॉक्टर होते, आणि दुसऱ्या मजल्यावरचं का असेना, घर उबदार होतं. निघताना बाबा गाडीच्या खिडकीतून म्हणाले, "चाकूचं लक्षात ठेव. नुसती धार नाही, तो आधी…"

"हो हो, लावीन धार," थोरली पिशव्या मागे कोंबत म्हणाली. "तुम्ही डोळे सांभाळा."

बाबांनी काच वर केली.

या वर्षी पीक लावलं आणि दोन महिन्यांत एका नव्या काचघरवाल्याचं बोलावणं आलं. थोरली गेली, हात दाखवला, चाकू खिशात टाकून परतली. दुसऱ्या दिवशी आपली छाटणी, नेहमीप्रमाणे दारापासून. तीन आठवड्यांनी पहिल्या ओळीत चार झाडांची पानं ठिगळं लावल्यासारखी झाली.

थोरली त्या झाडांसमोर उभी राहिली. बाबा घरात नव्हते. तंबाखू नव्हती. दूध रोज ती स्वतः ओतत होती. दोन दिवस तिने सगळ्यांवर संशय घेऊन पाहिला. तोडणीला येणाऱ्या दोघी बायकांचे एप्रन हुंगले, खतवाल्याला त्याच्या लग्नाची तारीख सोडून सगळं विचारलं. त्या दोघींतली वयस्कर बाई शेवटी वैतागली. "अहो बाई, माझ्या सात पिढ्यांत कुणी ओढली नाही. माझी आज्जी सुद्धा हुंगायची असेल तर फोटो आणते." तिसऱ्या दिवशी थोरलीने एक पान खुडलं, पिशवीत घातलं आणि बस पकडून शहरातल्या प्रयोगशाळेत गेली. आरशाची गरज पडली होती.

पाच दिवसांनी तिला बोलावलं. तपासणाऱ्या बाई तरुण होत्या, चष्मा डोक्यावर सरकवून बोलणाऱ्या.

"तंबाखूवाला रोग हा नव्हे," त्या म्हणाल्या. "त्याचा चुलतभाऊ म्हणा. दिसायला सारखाच. हा टोमॅटोचा स्वतःचा. बियाण्यातून येतो, नाहीतर एका काचघरातून दुसऱ्या काचघरात हत्यारावरून. तुमच्याकडे आधी आला होता तोही हाच होता."

"आधीचा कुणी तपासला?"

"आम्हीच. तुमचा पत्ता बघून मी जुनं दप्तर काढलं." बाईंनी एक पिवळट फाइल पुढे सरकवली. "तेव्हा मी इथं नव्हते. पण पान पाठवणाऱ्याने काय सुंदर नकाशा काढलाय, बघा ना."

थोरलीने पाहिलं. तिचं काचघर होतं. पट्टीने आखलेलं, बारा ओळी, प्रत्येक झाडाला एक टिंब, आजारी झाडाला फुली. सुताराच्या जाड पेन्सिलीतलं काम. काचा मापायच्या त्याच पेन्सिलीने बाबा घरचा निरोपसुद्धा लिहायचे. दारातून एक बाण निघून पहिल्या ओळीकडे गेला होता आणि बाणाशेजारी त्यांच्या ठळक अक्षरात लिहिलं होतं: 'मुलगी छाटणी इथून सुरू करते.' फुल्या बाणामागोमाग जात होत्या. पहिल्या ओळीत सगळ्या, दुसरीत थोड्या कमी, चौथीत तुरळक.

खाली प्रयोगशाळेच्या उत्तराची प्रत होती. रोग छाटणीच्या क्रमाने पसरला आहे. तंबाखूशी संबंध आढळला नाही. चाकू प्रत्येक वापरानंतर उकळत्या पाण्यात धरावा, दुधात बुडवावा. तारीख होती तिने बाबांना बाहेर काढल्यानंतरच्या नवव्या दिवसाची.

"बाई, पाणी देऊ का?" तपासणाऱ्या बाईंनी विचारलं.

थोरलीला पाणी नको होतं. तिला आठ वर्षं परत हवी होती.

ती घरी गेली नाही. तशीच धाकटीच्या घराचे दोन जिने चढली. धाकटीने दार उघडलं, ताईचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता बाजूला झाली. बाबा गॅलरीत खुर्चीवर बसले होते. डोळे उजेडाकडे, पण बघत कशाकडेच नव्हते. डॉक्टर म्हणाले होते, आता एवढंच. उजेड आणि अंधार कळेल, बाकी नाही.

"थोरलीची पावलं," बाबा म्हणाले. "आठवड्याच्या मध्येच? रोग आला का?"

थोरली त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. "तुम्हाला माहीत होतं."

बाबांनी तोंड तिच्या आवाजाकडे वळवलं. "प्रयोगशाळेत गेलीस तर."

"का नाही सांगितलंत? नवव्या दिवशी माहीत होतं तुम्हाला. मी तुम्हाला तोंडावर बोलले, जेवताना बोलले, आल्यागेल्यासमोर बोलले. एकदा तरी म्हणायचं होतं, बये, तुझाच चाकू आहे."

"म्हणणार होतो. कागद खिशात घेऊनच परसात आलो होतो. तू पीक उपटत होतीस. हातात रोप घेऊन उभी होतीस आणि म्हणालीस, एक बरं आहे, माझ्या हातून काही चुकलं नाही. तेवढ्यावर तू उभी होतीस बघ. मग कागद तसाच परत नेला."

थोरलीला ते वाक्य आठवत नव्हतं. बाबांना आठवत होतं.

"कुणाचा तरी हात वाईट ठरणार होता," ते म्हणाले. "तुला रोज त्या हाताने काम करायचं होतं. माझं काय, मी बाहेर बसलो तरी चालणार होतं."

"आणि चाकू रोज नेत होतात तो?"

"उकळायचो. दुधात घालायचो. मग धार." त्यांनी खिशातून कातडी पिशवी काढली आणि सवयीने तिची दोरी सोडली. आतून हातावर घेतला तो धार लावायचा दगड, मधोमध झिजून खोलगट झालेला. "तुझ्या चाकूला हात लावायचा म्हटल्यावर तंबाखू कशी ठेवणार? त्याच दिवशी टाकली."

दारात उभी असलेली धाकटी म्हणाली, "मला वाटायचं, ताई, तुला ठाऊक आहे. चाळीस वर्षांची सवय एका दिवसात सोडली त्यांनी. पहिला महिना हात थरथरायचे."

थोरलीला तो महिना आठवला. चहाची बशी हिंदकळायची, आणि ती म्हणाली होती, जास्त ओढता म्हणून होतं हे.

ती रडली. गुडघ्यात डोकं घालून, आवाज न करता, बराच वेळ. बाबांनी हात पुढे केला, तो आधी हवेत चाचपडला, मग तिच्या केसांवर आला.

"माझंही चुकलंच," ते म्हणाले. "तुला वाचवलं असं वाटत होतं मला. सांगितलं असतं तर तू चार दिवस रडली असतीस आणि शिकली असतीस. मी तुलाच काचेखाली ठेवलं. मी गेलो आणि पीक गेलं. असली कसली माया."

"बाबा, घरी चला. आत चला. आज, आत्ता."

"आज नको. रोगट झाडांत नको नेऊस मला. सगळं उपट, काचा धू, सुतळ्या बदल. साफ झालं की येतो."

"तोवर आत काहीच उरणार नाही."

"मला तरी कुठं दिसणार आहे," बाबा म्हणाले.

पंधरा दिवस थोरलीने दुसरं काही केलं नाही. बाराही ओळी उपटल्या, परसाच्या कोपऱ्यात जाळल्या. अर्धी पिकलेली फळं, हिरवे घोस, उमलायच्या बेतातली फुलं. तारा पुसल्या, सुतळ्या कापून टाकल्या, एकेक काच आतून-बाहेरून धुतली. 'शांतता राखा' वरचा मळ निघाला आणि अक्षरं उगाचच ठसठशीत दिसायला लागली. एप्रन उकळला, चाकू उकळला. काम करताना तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. तिसऱ्या वर्षी बाबा आत आले असते, तेव्हाचं पीक. झाडं डोक्याच्या वर गेली होती आणि ओळीतून चालताना फळं खांद्याला लागायची. तेव्हा त्यांना दिसत होतं.

धाकटीने बाबांना दुपारी आणलं, दमटपणा ओसरायच्या वेळेला, आणि ती मुद्दाम गाडीजवळच थांबली. थोरली त्यांचा हात धरून परसातून घेऊन आली. बाकापाशी बाबा थांबले, बाकाच्या पाठीवर हात फिरवला, पुढे निघाले. थोरलीने बाहेरचं दार उघडलं. दोघं मधल्या चिंचोळ्या जागेत आली आणि तिने मागचं दार लावून घेतलं.

ती आतल्या दाराच्या कडीला हात घालणार, एवढ्यात बाबा उभे राहिले. त्यांनी दोन्ही हात पुढे केले, तळवे वर, बरोबर जिथं स्टूल होतं तिथं. भांडं कोरडं होतं. रिकाम्या घराला दूध कशाला, म्हणून थोरलीने पंधरा दिवसांत आणलंच नव्हतं.

"राहू द्या बाबा," ती म्हणाली. "आत एक पान नाही. तसेच चला."

"नियम तुझाच आहे."

"चुकीचा होता."

"नियम बरोबर होता," बाबा म्हणाले. "आण दूध. मी उभा आहे."

थोरली धावत घरात गेली. पातेल्यातलं दूध घेऊन परत आली तेव्हा ते हात तसेच पुढे धरून उभे होते. तिने दूध भांड्यात ओतलं, मनगटं धरून त्यांचे हात त्यात सोडले आणि बाबांनी बोटं एकेक करून चोळली. ती दोन बोटंही. पिवळेपणा कधीच गेला होता. हात इतर कुठल्याही म्हाताऱ्या माणसाच्या हातासारखे होते, पांढरट, पातळ कातडीचे, अंगठ्यावर चाकूचा एक व्रण. आठ वर्षं रोज ती हे हात बघत आली होती आणि तिला ते पिवळेच दिसत होते.

"झालं," ती म्हणाली. आतल्या दाराशी टेकवलेली काठी काचेतून दिसत होती.

बाबा हलले नाहीत. ओल्या हातांनी त्यांनी तिचं मनगट चाचपून धरलं.

"आता तुझे."

थोरलीने बाह्या वर केल्या. बाबांनी तिचे दोन्ही हात भांड्यात बुडवले आणि सावकाश चोळायला लागले, बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या कडांतून, चाकू धरून घट्टा पडलेल्या जागी जरा जास्त वेळ. आठ वर्षांत त्या भांड्यात किती जणांचे हात बुडाले असतील त्याला गणती नव्हती. आपले पहिल्यांदाच बुडताहेत, हे थोरलीला दूध गार लागलं तेव्हा कळलं.